डॉ. भाऊ दाजी लाड : वैभव आणि कर्तृत्व

एफ. स्कॉट फिट्झजेरल्ड या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही कादंबरी १९२५ च्या एप्रिल महिन्यात प्रसिद्ध झाली. तिचा नायक उत्तर डाकोटातील एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. मूळ नाव जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी तो हे नाव टाकून देतो, आईबापांना मनातून पुसून काढतो आणि जे गॅट्स्बी या नावाने नवा माणूस होऊ पाहतो. चोरट्या दारूच्या धंद्यात अमाप पैसा मिळवून तो न्यूयॉर्कजवळ समुद्रकाठी मोठा वाडा घेतो आणि शेकडो पाहुण्यांना मेजवान्या देतो. हे सारे कशासाठी, तर पलीकडच्या काठावर जुन्या श्रीमंतांच्या वस्तीत राहणाऱ्या डेझीने आपल्याकडे यावे म्हणून. ती वस्ती त्याला शेवटपर्यंत आपला म्हणत नाही. डेझीच्या हातून घडलेल्या अपघाताचे बालंट त्याच्यावर येते, त्यात त्याचा खून होतो, आणि मेजवान्यांना लोटणाऱ्या त्या गर्दीतले जवळजवळ कोणीही अंत्यविधीकडे फिरकत नाही. येतो तो दूरच्या गावाहून आलेला म्हातारा बाप, ज्याला मुलाने कधीच पुसून टाकले होते.

ही कादंबरी वाचताना मला दर वेळी मुंबईचा एक काळ आणि त्या काळातला एक मराठी माणूस आठवतो. गॅट्स्बीच्या साठ वर्षे आधी आपल्या मुंबईनेही एका रात्रीत श्रीमंत झालेली आणि एका दिवसात धुळीला मिळालेली माणसे पाहिली होती. आणि विशेष म्हणजे त्यांना वर नेणारे आणि खाली आणणारे वारे अमेरिकेतूनच आले होते. त्या वाऱ्यात सापडलेल्यांपैकी एक होते डॉ. भाऊ दाजी लाड. गरिबीतून वर येणे, मोठ्यांच्या पंक्तीला बसणे, पैसा मिळवणे आणि गमावणे, हे सारे त्यांच्याही वाट्याला आले. तरीही त्यांच्या चरित्राचा शेवट गॅट्स्बीसारखा झाला नाही. तो तसा का झाला नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच मी हे चरित्र येथे थोडक्यात मांडीत आहे.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण. वडिलांचे नाव विठ्ठल, पण त्यांना दाजी म्हणत. म्हणून मुलगा जगाला भाऊ दाजी या नावानेच ठाऊक झाला. जन्म गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे गावचा, एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभीचा. घरची स्थिती बेताची होती. वडील मातीच्या बाहुल्या नि चित्रे करून विकत असत, असे सांगतात. पोटासाठी कोकण आणि गोमंतक सोडून मुंबईची वाट धरणाऱ्या असंख्य कुटुंबांपैकी हे एक कुटुंब. त्या काळी आगगाडी नव्हती. गलबताने यायचे आणि गिरगाव-मांडवीच्या गर्दीत कुठे तरी जागा शोधायची.

या मुलाचे दैव उघडले ते बुद्धिबळाच्या पटावर. लहानग्या भाऊची बुद्धिबळातली चमक एका इंग्रज साहेबाच्या नजरेस पडली आणि या मुलाला इंग्रजी शिकवा, असा आग्रह त्याने वडिलांकडे धरला. गॅट्स्बीच्या आयुष्यातही असाच एक श्रीमंत माणूस येतो. डॅन कोडी नावाचा हा लक्षाधीश त्या पोराला आपल्या नौकेवर घेतो आणि श्रीमंती कशी दिसते ते दाखवतो. दोघांनाही वरच्या थरातल्या माणसाने हात दिला. मात्र एकाला त्या हाताने ऐषआराम दाखवला आणि दुसऱ्याला शाळेचा दरवाजा. पुढच्या साऱ्या फरकाचे बीज मला येथे दिसते.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भाऊंनी नाव काढले. काठेवाड आणि कच्छ या प्रांतांत मुलींना जन्मतःच मारून टाकण्याची जी भयंकर चाल होती, तिच्यावर लिहिलेल्या निबंधाला त्यांना बक्षीस मिळाले. काही काळ त्यांनी त्याच संस्थेत अध्यापनही केले. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा हातातली मास्तरकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. पाश्चात्त्य वैद्यक म्हणजे मुडद्याला हात लावणे आले, आणि तो विटाळ सोसण्याची समाजाची तयारी नव्हती. अशा काळात जी पहिली आठ मुले या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांत भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे सहाध्यायी. त्या आठांत हिंदू होते, पारशी होते, ख्रिस्ती होते.

१८५१ पासून भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच वर्षांत त्यांचे नाव शहरभर झाले. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. या दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. एकीकडे श्रीमंत शेटियांच्या वाड्यांतून बोलावणी आणि दुसरीकडे दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली फुकट औषध नेणारी माणसे, असा त्यांचा दिवस जाई. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण गाइले आहेत, त्या खरोखर किती गुणकारी आहेत हे ते तपासून पाहत. महारोगावर त्यांनी कडूकवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. या औषधाची पूर्ण माहिती त्यांनी हयातीत उघड केली नाही, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती टीका मला अगदीच अनाठायी वाटत नाही. पण ज्या रोग्याच्या सावलीलाही लोक भीत होते, त्याच्याजवळ बसणारा डॉक्टर त्या काळी दुर्मिळ होता, हेही विसरता येत नाही.

आता त्या काळच्या मुंबईतील वर्गरचनेकडे वळू. सर्वांत वर राज्यकर्ते गोरे. त्यांच्या खालोखाल देशी शेटिये : जमशेटजी जिजीभाई, नाना शंकरशेट, डेव्हिड ससून यांच्यासारखे धनिक, ज्यांच्या शब्दाला सरकारदरबारी वजन होते. त्याखाली एल्फिन्स्टनमधून बाहेर पडलेला नवा शिकलेला वर्ग. त्याच्याजवळ इंग्रजी होती, विचार होते, पण पैसा नव्हता. १८५२ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद नाना शंकरशेटांकडे गेले आणि चिटणिसांत भाऊ दाजी आले. शेटियांचा पैसा आणि प्रतिष्ठा, शिकलेल्यांची लेखणी, अशी ही वाटणी होती. कंपनीच्या कारभाराविषयी पार्लमेंटकडे अर्ज धाडण्याचे काम या संस्थेने केले. मुंबई इलाख्यातील संघटित राजकारणाची सुरुवात येथून धरतात.

याच वर्षांत भाऊ सगळीकडे दिसतात. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले देशी अध्यक्ष. या सोसायटीने मुलींच्या शाळा चालवल्या आणि त्यांपैकी एका शाळेला पुढे भाऊंचेच नाव मिळाले. १८५३ साली विष्णुदास भावे सांगलीहून नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे खेळ व्हावेत म्हणून खटपट करणाऱ्यांत भाऊ होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंतही त्यांचे नाव आहे. मुंबईला एक वस्तुसंग्रहालय असावे म्हणून डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांनी वर्गणी गोळा केली. इतकी कामे एकाच माणसाने कशी केली, असा प्रश्न आपल्याला पडतो; पण नव्याने जागा झालेल्या समाजात मूठभरांनाच सगळे करावे लागते.

हे सारे करणारा माणूस वरच्या मंडळींना दुखवू शकतो काय, याची कसोटी १८६२ साली लागली. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने वैष्णव महाराजांच्या अनाचारांवर लेख लिहिला, म्हणून जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर बेअब्रूची फिर्याद लावली. महाराजांचे अनुयायी म्हणजे भाटिया-वाणी समाजातले बडे व्यापारी. कोणत्याही डॉक्टरला हेवा वाटावा असे रोगी. भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले आणि वैद्य म्हणून आपल्याला जे ठाऊक होते ते त्यांनी न्यायासनापुढे सांगितले. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. गॅट्स्बीने वरच्या थरात शिरण्यासाठी आपला भूतकाळ लपवला. भाऊंनी वरच्या थरात शिरल्यावर त्याचे झाकलेले उघडे केले. महत्त्वाकांक्षेचे हे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून फार लांबचे आहेत.

पण भाऊंना देवत्व देण्याचे कारण नाही. पैशाचा मोह त्यांनाही सुटला नाही. त्याची हकीकत अशी.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत. तो बंद होताच साऱ्यांचे डोळे मुंबईकडे वळले. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. या पाचेक वर्षांत मुंबईत नेहमीच्या किमतीवर ८ कोटी पौंडांहून अधिक जादा पैसा आला, असा हिशेब नंतर मांडला गेला. एवढ्या पैशाचे करायचे काय? मग कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका उभ्या होत्या. त्यांच्या जोडीला वित्तसंस्था, विमा कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्याही निघाल्या होत्या. शेअरदलालांची संख्या ६० च्या आसपास होती, ती २०० च्या वर गेली. टाऊन हॉलजवळच्या झाडांखाली त्यांचा बाजार भरे. प्रेमचंद रायचंद या तरुण दलालाच्या होकारा-नकारावर लोकांचे भाग्य हेलकावे घेऊ लागले.

सर्वांत मोठे स्वप्न बॅकबेचे होते. चर्चगेटसमोरचा उथळ समुद्र भरून काढायचा आणि ती जमीन विकून गडगंज व्हायचे. कंपनीचा पाच हजारांचा शेअर त्याच्या कित्येक पट किमतीने हातोहात फिरत होता, आणि समुद्र मात्र होता तेथेच होता. कांदिवलीकरांना या बॅकबेशी आपले नाते कदाचित ठाऊक नसेल. त्या कंपनीचे दिवाळे निघाल्यावर पुढे साठेक वर्षांनी, १९२० नंतरच्या दशकात, सरकारने तीच योजना पुन्हा हाती घेतली आणि तेव्हा भराव घालण्यासाठी कांदिवलीच्या पूर्वेकडची टेकडी फोडून दगड आणि मुरूम गाडीने वाहून नेला. त्याही वेळी खर्चाचा अंदाज कोलमडला, गैरव्यवहाराचे आरोप झाले, आणि खुर्शेद नरिमन यांनी ते प्रकरण गाजवले. म्हणजे आज मरीन ड्राइव्हच्या बाजूला जी जमीन आहे, तिच्या पोटात आपल्या टेकडीचा दगड आहे. न्यूयॉर्कमध्ये गॅट्स्बीचे ते वैभवाचे दशक चालू असताना येथे कांदिवलीचे खाणकामगार टेकडी फोडत होते. गॅट्स्बीच्या कादंबरीतही दोन श्रीमंत वस्त्या आणि शहर यांच्यामध्ये राखेने भरलेला एक भकास पट्टा आहे, तेथे गॅरेजवाला विल्सन राबतो. मेजवानीला जाणारे लोक त्या रस्त्याने जातात, थांबत मात्र नाहीत.

शेअरांच्या त्या वेडात भाऊ दाजीही सापडले. व्यवसायात मिळवलेला पैसा त्यांनी त्यात घातला. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचताच कापसाचा भाव कोसळला. पुढच्या तारखेला पैसे देण्याच्या बोलीवर केलेले असंख्य वायदे १ जुलैला चुकते व्हायचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा कोणाजवळच पैसा नव्हता. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. जुनी बँक ऑफ बॉम्बेही या धक्क्यातून सावरली नाही आणि १८६८ साली ती गुंडाळावी लागली. प्रेमचंद रायचंद धुळीस मिळाले. त्यांनी आधीच देऊन टाकलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. भाऊ दाजींची पुंजीही या वादळात गेली.

त्यांचे अंतःकरण त्या दिवसांत काय म्हणत असेल, ते आपण कल्पनेनेच जाणायचे. मांद्रेच्या मातीच्या बाहुल्यांपासून निघालेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा रिकाम्या हाताने उभा होता. गॅट्स्बीच्या कथेचा नियम लावला तर येथे पडदा पडायला हवा : पाहुणे पांगावेत, दारे बंद व्हावीत.

तसे झाले नाही. पैसा जाऊनही भाऊ दाजी मुंबईचे शेरीफ झाले, आणि तेही दोनदा, १८६९ आणि १८७१ साली. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये काढलेल्या ईस्ट इंडिया असोसिएशनची मुंबई शाखा उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्या संग्रहालयासाठी त्यांनी खटपट केली होती, ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ साली लोकांना खुले झाले. लोक त्यांना शेठ म्हणून ओळखत नव्हते, डॉक्टर म्हणून ओळखत होते. आणि डॉक्टरकी काही १ जुलैला बुडाली नव्हती.

याहूनही मला मोठी वाटते ती त्यांची संशोधनाची साधना. प्राचीन नाणी, ताम्रपट, शिलालेख आणि पोथ्या यांचे त्यांना वेड होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे वाचन त्यांनी प्रसिद्ध केले. कालिदासाच्या काळाविषयी लिहिले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे कितीतरी निबंध आहेत. या कामात त्यांना जुनागढचा एक तरुण भेटला : भगवानलाल इंद्रजी. इंग्रजीचे शिक्षण नाही, पदवी नाही, पण जुन्या लिपी वाचण्यात विलक्षण गती. भाऊंनी १८६० नंतर लगेचच त्याला मुंबईस आणवले आणि आपल्यापाशी ठेवून घेतले. एकेकाळी बुद्धिबळाच्या पटावर साहेबाने जे भाऊसाठी केले, तेच भाऊंनी आता भगवानलालसाठी केले. आणि लक्षात घ्यायची गोष्ट ही, की १८६५ चा तडाखा बसल्यावरही हे काम थांबले नाही. त्यानंतरच्या वर्षांत पंडित भगवानलाल शिलालेखांचे ठसे घेत उत्तर हिंदुस्थानात आणि थेट नेपाळपर्यंत फिरले. संपत्ती गेल्यावर माणूस प्रथम कोणता खर्च बंद करतो, यावरून त्याची खरी आवड कळते. भाऊंनी हा खर्च बंद केला नाही.

१८७४ च्या मे महिन्यात भाऊ दाजींचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आसपास. त्यांचे निबंध १८८८ साली कलकत्त्याहून एकत्रित प्रसिद्ध झाले. त्यांच्या पोथ्यांचा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. पंडित भगवानलाल पुढे मोठे पुराणवस्तुशास्त्रज्ञ झाले. १८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला. ते सोपारे म्हणजे आपल्याच लोहमार्गावर विरारच्या अलीकडचे नालासोपारा. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ साली भाऊंचे नाव देण्यात आले. गोमंतकाचे दुसरे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी त्यांचे साक्षेपी मराठी चरित्र लिहिले.

चरित्र येथे संपते, पण मला दोन गोष्टी नोंदवल्याशिवाय लेख संपवता येत नाही. पहिली अशी, की भाऊंची गरिबी खरी असली तरी ते सारस्वत ब्राह्मण कुटुंबातले होते. त्या काळी शाळेच्या दारात जात आडवी येत असे. ती त्यांना आली नाही. तेवढ्याच बुद्धीच्या एखाद्या अस्पृश्य मुलाने किंवा मुलीने बुद्धिबळात साहेबाला कितीही चकित केले असते, तरी पुढचे दार उघडले असते असे मी म्हणू शकत नाही. दुसरी गोष्ट कापूस पिकवणाऱ्यांची. तेजीच्या वर्षांत सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज दिले. भाव पडल्यावर तेच कर्ज गळ्याचा फास झाले. भाऊ वारले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. मुंबईच्या मेजवानीची राख तेथे साचली होती.

या दोन्ही गोष्टी मान्य करूनही भाऊ दाजींचे महत्त्व कमी होत नाही. गॅट्स्बीजवळ धन होते, जिद्द होती, माणूस म्हणून तो त्या वस्तीतल्या पुष्कळांपेक्षा चांगलाही होता. पण एका विशिष्ट वर्गाने आपल्याला आत घ्यावे, एवढ्यावरच त्याने सारे पणाला लावले. ते दार उघडले नाही तेव्हा त्याच्याजवळ दुसरे काही उरले नाही. भाऊ दाजींनाही वर जायचे होते, वैभव हवे होते. १८६५ ने ते हिरावून नेले. परंतु वर जाताना त्यांनी वाटेत एक विद्या कमावली होती, एक दवाखाना चालवला होता, एका शिष्याला हात दिला होता. बाजार त्यांची किंमत ठरवत नव्हता, म्हणून बाजार कोसळल्याने त्यांची किंमत पडली नाही.

आपल्या कॉलेजातील अनेक विद्यार्थी आपल्या घरातले पहिले पदवीधर असणार आहेत. वर जाण्याची इच्छा लाजिरवाणी नाही. चाळीतून, झोपडीतून, गावच्या पडक्या घरातून आलेल्या मुलाने मोठे होऊ नये असे कोण म्हणेल? फक्त आपण कोणाच्या दाराकडे पाहत चढतो आहोत आणि चढताना हाती काय कमावतो आहोत, हे अधूनमधून तपासावे. एखाद्या रविवारी दादरला गाडी बदलून भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेतले ते संग्रहालय पाहून या. दारावर ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ मातीच्या बाहुल्या विकणाऱ्याचे चिरंजीव होते.